रात्री अकराची बँडविड्थ

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात फोंड्यापर्यंत आलात, बरं वाटलं. मी जत्रेपासून सुरुवात करतो, कारण बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहू शकतो त्याचा, खरा हिशोब मला कळला तो आमच्या गावच्या देवळापुढच्या मांडवात.

जत्रेला आमच्याकडे नाटक असतं, तुमच्याही गावात असेलच. पालखी फिरून आली की मग पडदा वर, म्हणजे रात्रीचे अकरा सहज वाजतात. गावातली अर्धी पोरं आखातात, काही जहाजावर, त्यांना ते लाइव्ह बघायचं असतं. आधी आम्ही फुकटच्या प्लॅटफॉर्मवर टाकायचो, पण नाट्यपद सुरू झालं की कुठल्यातरी रेकॉर्डिंगवाल्याचा दावा यायचा आणि आवाजच बंद, गाणारा आपल्या गावचा, ऑर्गनवर बसलेला आपल्या गावचा, तरीसुद्धा. मग ठरवलं की आपला डेडिकेटेड सर्व्हर घेऊ, म्हणजे भाड्याचा, पण अख्खा आपल्यासाठीच. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं, १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस, सेकंदाला हजार मेगाबिट, आणि अनमीटर्ड, म्हणजे किती डेटा वाहिला ते मोजणार नाही. मी गणित केलं, एका बघणाऱ्याला अडीच एमबीपीएस, ३०० जण धरले तर ७५० एमबीपीएस, म्हणजे बसतंय. दुपारी टेस्ट घेतली, आकडा ९०० च्या वर. आणि रात्री अकराला पहिला प्रवेश सुरू झाला आणि आकडा १४० वर येऊन अडकला तो अडकलाच. दुबईत तेव्हा साडेनऊ, तिकडून फोनवर फोन. माझा मावसभाऊ बहारीनला असतो, त्याची मुलगी त्या रात्री पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली होती, त्याला तिचा प्रवेश दिसला नाही. नंतर रेकॉर्डिंग पाठवलं, पण ते काय तेच नव्हे.

सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या होस्टिंगवाल्याच्या सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, तुमचा पोर्ट १ जीबीपीएसचाच आहे. आणि ते खरं होतं! मी पोर्ट विकत घेतला होता, बँडविड्थ घेतलीच नव्हती. आजचं सगळं बोलणं या एका फरकावर आहे.

पोर्ट म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या मागची वायर आणि ती ज्या स्विचला लागते ते भोक. समजा एका रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचलेल्या कपाटाच्या, स्विचला ४० सर्व्हर आहेत, प्रत्येकाला १ जीबीपीएस, आणि त्या स्विचवरून वर जायला १० जीबीपीएसच्या दोन लिंक. म्हणजे ४० विकलेत आणि २० आहेत. याला लगेच फसवणूक म्हणू नका, कारण बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि अशी वाटणी असते म्हणूनच आपल्याला स्वस्तात मिळतं. पण वाटणी किती जणांत आहे हे सांगायला हवं, आणि तेच कुणी आपणहून सांगत नाही.

रायबंदर ते चोडण फेरीबोट घ्या. तुम्ही म्हणालात की प्रत्येक फेरीत माझ्या टेम्पोची जागा राखून ठेवा, मी आलो तरी आणि नाही आलो तरी, तर ज्या फेरीला तुम्ही येणार नाही त्या फेरीला ती जागा रिकामीच जाणार, आणि त्या रिकाम्या जागेचे पैसे तुम्हीच द्यायचे. गॅरंटीड बँडविड्थ महाग का, तर यासाठी. होस्टिंगवाला पुढच्या नेटवर्ककडून जी क्षमता घेतो ती त्याला सगळ्यात गर्दीच्या तासाला पुरेल एवढी घ्यावी लागते, आणि गर्दीचा तास सगळ्यांचा एकच असतो, रात्री जेवणं झाल्यावर. पहाटे चारला त्याच्याकडे ढिगानं पडलेली असते, तिला कुणी विचारत नाही. म्हणजे आपण महिन्याचं बिल भरतो खरे, पण विकत घेत असतो तो रात्रीचा एक तास. हे लक्षात आलं की कोटेशन वाचायची नजरच बदलते.

आता दर लावायच्या पद्धती. एक म्हणजे महिन्याला इतके टीबी. हा आकडा मोठा वाटतो म्हणून एकदा वहीत लिहून ठेवा, १ एमबीपीएस सतत तीस दिवस वाहिलं की ३२४ जीबी होतात. म्हणजे १० टीबीचा प्लॅन हा सरासरी ३१ एमबीपीएससुद्धा नाही. आणि बाइट आणि बिट यात आठचा फरक असतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कोटेशन बघताना माझ्यासकट सगळे एकदा तरी चुकलेत.

दुसरी पद्धत नाइन्टी-फिफ्थ पर्सेंटाइल, आणि ही नीट समजून घ्या, इथे पैसे वाचतात आणि इथेच जातात. दर पाच मिनिटांनी तुमच्या पोर्टची सरासरी नोंदली जाते. तीस दिवसांत अशा ८६४० नोंदी. त्या मोठ्यापासून लहानापर्यंत लावायच्या, वरच्या ५ टक्के म्हणजे ४३२ काढून टाकायच्या, आणि उरलेल्यात जी सगळ्यात मोठी ती तुमची त्या महिन्याची बँडविड्थ. ४३२ गुणिले पाच मिनिटं म्हणजे ३६ तास. महिन्यातले सगळ्यात जड ३६ तास माफ! आता आमचं नाटक बघा, पाच तास चालतं, पूर्ण माफीत बसतं, १०० एमबीपीएसचा कमिट, म्हणजे दर महिन्याला निदान एवढ्याचे पैसे देण्याचा करार, घेतला आणि त्या रात्री ७५० वाहिले तरी बिल १०० चंच. पण कुणाचा ट्रॅफिक रोज रात्री दोन तास वर जात असेल तर महिन्याचे ६० तास झाले, ३६ माफ होऊनही तो उंच आकडाच बिलात बसतो. रोज एक तास असेल तर ३० तास, वाचलात. एवढीशी सीमा आहे ती.

म्हापशाच्या एका हॉटेल बुकिंगवाल्यांचं सांगतो. दिवसभराचा त्यांचा ट्रॅफिक ४० एमबीपीएसच्या आसपास, आणि बिल येत होतं ४०० एमबीपीएसचं. दोन महिने होस्टिंगवाल्याशी भांडण. मी ग्राफ मागवला तर रात्री दोन वाजता रोज एक उंच खांब, बरोबर दोन तासांचा. त्यांचाच बॅकअप! रोज सगळाच्या सगळा डेटा, ३६० जीबी, दुसऱ्या डेटा सेंटरला पूर्ण वेगानं जात होता. आठवड्यातून एकदा पूर्ण आणि एरवी फक्त बदललेलं असं केलं, रोजची कॉपी करणाऱ्या आरसिंक प्रोग्रॅमला वेगाची मर्यादा घातली, पुढच्या महिन्यात बिल ४५ वर. हा आठवड्याचा पूर्ण बॅकअप महिन्यात चार-पाच वेळा दोन दोन तास, माफीच्या ३६ तासांत आरामात बसतो. त्या दोन महिन्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, कारण हिशोबात होस्टिंगवाल्याची चूक नव्हती.

म्हणून आधी ग्राफ. व्हीएनस्टॅट हा ट्रॅफिक मोजणारा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे, महिनाभर चालू द्या आणि स्वतःचा ट्रॅफिक कसा चढतो-उतरतो ते बघा, त्याआधी कोटेशन मागूच नका. आणि इनबाउंड म्हणजे आत येणारा, आउटबाउंड म्हणजे बाहेर जाणारा, दोन्ही मोजतात का आणि त्यातला मोठा धरतात का हे विचारा, कारण तुमच्यावर डीडॉस, म्हणजे असंख्य मशीनवरून एकदम मारा, झाला तर तो कचरा आत येतो आणि तोही मोजला जाऊ शकतो. तीन-चार सर्व्हर असतील तर आणखी एक, प्रत्येकाचा पर्सेंटाइल काढून बेरीज करतात की आधी बेरीज करून पर्सेंटाइल काढतात? सर्व्हर वेगवेगळ्या वेळी तापत असतील तर दुसऱ्या पद्धतीत बहुतेकदा पैसे वाचतात.

पण थांबा. मघाशी म्हटलं की नाटकाची रात्र माफीत बसते. माफीत बसते म्हणजे बिल येत नाही, एवढंच. ७५० मिळतीलच असं नाही! कमिटच्या वरचं सगळं बर्स्ट, आणि बर्स्ट म्हणजे जागा असली तर. शंभराची गॅरंटी घेतलीत तर वाईट रात्री शंभरच. लोक स्वस्त बिलाला गॅरंटी समजून बसतात आणि मग चतुर्थीच्या आरतीला किंवा जत्रेच्या रात्री तोंडघशी पडतात, मला हे बघवत नाही म्हणून जोरात सांगतोय.

मागून कुणीतरी विचारलंत की पूर्ण गॅरंटी घेतली तर दुबईपर्यंत पोचणार का. चांगला प्रश्न आहे. नाही. गॅरंटी असते ती होस्टिंगवाल्याच्या नेटवर्कच्या कडेपर्यंत, त्यापुढे पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दुसऱ्यांच्या नेटवर्कमधून जातं. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा युरोपातल्या सर्व्हरवाल्यांचे पोर्ट अगदी व्यवस्थित होते, वाट अडली होती ती मध्येच. त्यामुळे बघणारे कुठे आहेत त्यावर जागा ठरवा. गोव्यात, महाराष्ट्रात बघणार असतील तर मुंबईतला सर्व्हर, आणि तो होस्टिंगवाला निक्सी किंवा डीई-सीआयएक्स मुंबई अशा एक्स्चेंजवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडायच्या जागेवर, इथल्या मोठ्या कंपन्यांशी जोडलेला आहे का ते विचारा. मुंबईतलं ट्रान्झिट, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडून घेतलेली क्षमता, फ्रँकफर्टपेक्षा महाग पडतं हे खरं, पण उत्तर यायला शंभरावर मिलिसेकंद लागतात ते वाचतात.

एसएलए वाचा, म्हणजे सेवेची लेखी हमी. ९९.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद राहायची मुभा, आणि ते बहुतेक वेळा नेटवर्क चालू की बंद एवढ्याबद्दल असतं. १४० वर रांगणारं नेटवर्क त्यांच्या लेखी चालूच. म्हणून वेगाचा आकडा, कुठून कुठपर्यंत मोजायचा, आणि कमी पडला तर बिलातून काय वजा होणार, हे तिन्ही ईमेलवर लेखी घ्या. फोनवर ‘हो सर’ म्हणतात त्याला काही अर्थ नाही. आणि दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून सांगा म्हणायचं.

टेस्ट रात्री करा. दुपारची टेस्ट हीच माझी चूक होती. आयपर्फ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम घ्या, एका कनेक्शनवर न थांबता आठ-दहा समांतर लावा, रात्री दहा ते बारा, निदान तीन दिवस, त्यात एक रविवार. १ जीबीपीएसवर ९४० च्या आसपास दिसलं तर ते पूर्ण आहे, उरलेलं हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यात वगैरे, जातं.

पुढच्या जत्रेला आम्ही हेच केलं. वर्षभर १०० चा कमिट आणि जत्रेच्या आठवड्यासाठी ८०० पर्यंत वाढवून, आठवड्याचे वेगळे पैसे देऊन, महिनाभर आधी लिहून घेतला. दोन होस्टिंगवाले नाही म्हणाले, तिसरा तयार झाला. त्या रात्री बॅकअप बंद ठेवला, सर्व्हरवर टीसी, म्हणजे ट्रॅफिकचा क्रम ठरवणारं साधन, लावून स्ट्रीमला पहिला मान दिला, बाकी सगळं मागे. सव्वाअकराला आकडा ६९० वर होता आणि पहाटे भैरवी होईपर्यंत एकदाही बसला नाही. मावसभावाची मुलगी त्या वर्षीही नाटकात होती, मोठं काम होतं, दोन पदं होती. तिचा प्रवेश संपल्यावर बहारीनहून फोन आला, मी घाबरतच उचलला, तर तो म्हणाला दुसऱ्या पदाला पोरीचा सूर जरा चढला होता, पेटीवाल्याला सांग.