तिघरा कितीवर आला?

आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात श्रावण लागला की मराठी घरांतून एकच प्रश्न, तिघरा कितीवर आला? म्हणजे तिघरा बांधात पाणी किती फुटांवर आहे. ७४० फूट (खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची) म्हणजे फुल्ल. त्याच्या जवळ गेलं की पेपरात येतं गेट उघडणार, आणि रविवारी अर्धं ग्वाल्हेर बाइका काढून तिकडे.

तर हा तो बांध. सांक नदीवर, शहरापासून वीसेक किलोमीटर. १९१६ चं शिंदेशाहीतलं काम, चुन्यातली दगडी भिंत, उंची साधारण २४ मीटर आणि लांबी तेराशेच्या वर, चालत गेलात तर पाय बोलतात. गेटं इंजिनिअर विश्वेश्वरय्यांच्या डिझाइनची होती. पुणेकर मंडळींनो, खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी जी बसवली ना, तीच आयडिया. पाणी ठरलेल्या लेव्हलच्या वर चढलं की पाण्याच्याच जोरावर गेट आपोआप उघडायचं आणि उतरलं की बंद, माणसाने हात लावायची गरजच नाही.

आता बोट क्लबवर नारिंगी जॅकेट घालून (कायम दमट, कुबट वास) सेल्फी काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, पण बांधून वर्ष होतंय तोच, ऑगस्ट १९१७ मध्ये, पाणी भिंतीवरून वाहायला लागलं आणि भिंतीचे दोन मोठे तुकडे सरकले. फुटले नाहीत हं, पायाच्या खडकावरून अख्खेच्या अख्खे ढकलले गेले. हजाराच्या आसपास माणसं गेली. १९२९ मध्ये बांध पुन्हा उभा राहिला. एवढ्या मोठ्या गोष्टीचं गावात कोणी नावही काढत नाही, मला तरी हे खटकतं.

हेच पाणी मोतीझीलला साफ होऊन आपल्या नळाला येतं. पाऊस दगा देतो त्या वर्षी ककैटो आणि पेहसारीच्या बांधांतून पाणी इकडे सोडावं लागतं, आणि शहरात नळ एक दिवसाआड.

काठावर भुट्टेवाला निखाऱ्यावर कणीस फिरवतोय, लिंबाच्या फोडीला मीठ लावून चोळतोय. मुलं स्पीडबोटीच्या लाइनीत. आमची आत्या बोटीत बसत नाही, कधीच नाही. ती चष्मा पुसून भिंतीवरची फुटांची पट्टी वाचते, "अगं, ७३९ आहे, उन्हाळ्यात नळ रोज येणार," म्हणते आणि थालीपिठांचा डबा उघडते.