दुपारी काउंटरवर कोण बसतं?

नमस्कार मंडळी. मेडिकल दुकानात नवीन सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे नक्की काय करायचं, त्याबद्दल आज बोलतो. माझं रोजचं कामच ते, दुकानातला माल मोजून मशीनमध्ये चढवायचा आणि दुकानातल्या माणसांचा हात बसेपर्यंत त्यांच्यासोबत राहायचं.

गरज काय, हे दुकानदारांना सांगायला नको. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच वनच्या, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची, सवय लागणारी अशा सरकारी यादीतल्या औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते, कुठल्या डॉक्टरांनी लिहिलं, पेशंट कोण, किती दिलं, आणि ती तीन वर्षं जपायची. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तेव्हा वहीवाल्यांची किती धावपळ झाली ते मी बघितलंय. बॅच नंबर आणि एक्सपायरी, ह्या दोन गोष्टी मशीनमध्ये बरोबर गेल्या पाहिजेत. परत सांगतो, बॅच आणि एक्सपायरी. आणि त्यावरून एक, गोळ्या सुट्या देताना पट्टी तारखेच्या उलट्या बाजूनं कापावी, घरीसुद्धा तसंच करावं, आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात बिनतारखेचे तुकडे किती पडलेले असतात, आज उघडून बघाच.

आता सांगोल्याकडचा किस्सा. काकांचं तीस वर्षांचं दुकान, कुठली गोळी कुठल्या खणात ते डोळे मिटून सांगायचे. तीन रात्री शटर अर्धं ओढून आम्ही माल मोजला, काका, त्यांचा मुलगा, कामाला असलेला एक पोरगा आणि मी. तिघांनाही शिकवलं. तरी आठवड्यात हिशोब जुळेना, रोज पाच-सहा पट्ट्या कमी. मी आधी पॅकिंग तपासलं, कारण बहुतेक घोळ तिथंच असतो, दहा गोळ्यांच्या पट्टीला पॅकिंग एक टाकलं की मशीन पट्टीलाच एक गोळी समजतं. पण ते बरोबर होतं. मग सगळ्यांच्या नजरा त्या पोरावर. तो काही बोलेना, खाली मान घालून खोकी लावत राहिला, ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

एक दिवस मी मुद्दाम दुपारी थांबलो. दोन वाजता काका जेवायला गेले, मुलगा स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याकडे, पोरगा डबा खायला मागे, आणि घराच्या दारातून काकू येऊन काउंटरवर बसल्या. गिऱ्हाईक आलं, काकूंनी चिठ्ठी वाचली, बीपीच्या गोळ्यांची पट्टी दिली, पैसे गल्ल्यात टाकले आणि सिरपच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, गोळी, किती, कुणाला. असे आठवडाभराचे पुठ्ठे गल्ल्याखाली रबर लावून ठेवलेले! मी मान वर केली तर भिंतीवर लायसन्सची फ्रेम, त्यावर फार्मासिस्ट म्हणून नाव काकूंचं. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, काकूंचं झालेलं, काकांचं नाही. आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्या रात्री पुठ्ठे घेऊन बसलो, काकू वाचत गेल्या, मी चढवत गेलो, एकूण एक पट्टी जुळली. काका उठले, त्या पोराजवळ गेले आणि म्हणाले, "चुकलं रे आमचं."

दुसऱ्या दिवसापासून काकूंना शिकवलं, चार दिवसांत त्या आमच्या पुढे, कारण ब्रँड संपला की त्याच घटकाचं दुसरं काय शिल्लक आहे ते त्या लगेच शोधायच्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलून मात्र देत नाहीत.

तर दुकानदारांनो, ट्रेनिंगचा माणूस आला की त्याला दुपारची वेळ द्या, दुपारी जो बसतो त्यालाच शिकवायला लावा. पहिले दोन आठवडे जुनी वही बंद करू नका.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा काकूंनी येत्या तीन महिन्यांत एक्सपायर होणाऱ्या मालाची यादी काढलेली, आणि तो पोरगा ती हातात धरून खणातून एकेक पट्टी बाहेर काढत होता, काकू शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, "बॅच वाचलीस का? मोठ्यानं वाच."