पवईतून खारघरला

[दृश्य: परळ, पहाट. फुटपाथवरची ताडपत्री. उशाखालून काढलेली प्लास्टिकची पिशवी, आत फाइल.]

अंथरूण भिजलं तर वाळवता येतं. फाइल भिजून चालत नाही.
टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय इथे १९४१ पासून उभं आहे. लांबून आलेल्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर हा फुटपाथ.

या रुग्णांपैकी काहींना रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमियासारखा आजार आहे. केमो होते, रिपोर्ट चांगले येतात, माणूस गावी जातो. आणि काहींचा आजार उलटतो. उलटलेला ल्युकेमिया पुष्कळदा केमोला दाद देत नाही. अशांसाठी आता कार-टी नावाचा उपचार आहे: रुग्णाच्याच पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवायचं.

[दृश्य: यंत्र फिरतंय. नळीतलं रक्त. रुग्णाचा फक्त हात.]

हे यंत्र रक्त घुसळतं. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं, तशा पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात. त्या या पिशवीत जमतात. बाकीचं रक्त दुसऱ्या नळीने परत अंगात. तीन-चार तास हात हलवायचा नाही.

पिशवीतल्या पांढऱ्या पेशींपैकी एक प्रकार टी-पेशींचा. त्यांचं कामच मुळी शरीरात शिरलेल्या शत्रूला मारणं. पण कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते. ती घरातलीच, म्हणून टी-पेशी तिला ओळखत नाहीत.

[दृश्य: पवई, आयआयटी मुंबई. काचेपलीकडे हातमोजे घातलेले हात. गुलाबी द्रवाची बाटली.]

ओळख शिकवली जाते ती इथे.
रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बिघडलेल्या बी-पेशींच्या (हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) अंगावर सीडी१९ नावाचं प्रथिन असतं. ते हेरणारा भाग टी-पेशीच्या अंगावर उगवला पाहिजे. त्यासाठी लागणारं जनुक पेशीच्या आत पोहोचवायचं कसं? त्याला वाहक आहे तो एचआयव्हीच्या विषाणूपासून घडवलेला. आजार पसरवणारी त्याची जनुकं काढून टाकली, पेशीत शिरण्याची कला तेवढी ठेवली. ज्या विषाणूने जगभर एवढी माणसं नेली, त्याच्याकडून हे काम करून घेतलं जातंय. हे दृश्य आम्ही तीन वेळा चित्रित केलं.

या संशोधनाचे प्रमुख डॉ. राहुल पुरवार २०१३ मध्ये आयआयटीत रुजू झाले. परदेशातल्या अशाच औषधात सीडी१९ ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडातून (अँटिबॉडीतून) घेतलेला होता. पवईच्या गटाने तो माणसाच्या प्रथिनाशी जुळेल असा बदलून घेतला. वाहक विषाणूही इथेच तयार केला. टाटाचे डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन रुग्णांच्या बाजूने या कामात होते. विकत आणता आलं असतं ते या मंडळींनी मुळापासून केलं, आणि त्याला वर्षं लागली.

[दृश्य: इन्क्युबेटरचं दार. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पुंजके.]

आता वाट पाहायची. पेशी दुप्पट होतात, चौपट होतात, कोट्यवधी होतात. रोज तपासणी. एखादा जंतू शिरला तर सगळं फेकून द्यायचं. या पेशी एकाच माणसाच्या, त्या दुसऱ्याला चालत नाहीत.

[दृश्य: खाडीवरचा पूल, गाडीतून. खारघर, टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक.]

४ जून २०२१. कोविडची दुसरी लाट ओसरत होती. त्या दिवशी खाडीपलीकडे, खारघरला, पवईत घडवलेल्या पेशी पहिल्यांदा रुग्णाला दिल्या गेल्या.

[दृश्य: स्टँडला लावलेली छोटी पिशवी. थेंब. आवाज नाही, दहा सेकंद.]

एवढीशी पिशवी. काही मिनिटांत रिकामी होते.

[दृश्य: वॉर्ड. थर्मामीटर. खिडकीशी बसलेली आई.]

मग ताप येतो. पेशी कामाला लागल्याची ती खूण असते, आणि धोकाही तोच.
प्रौढ आणि किशोरवयीनांच्या चाचण्यांत ६४ रुग्ण होते. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ पैकी ३७ जणांना गुण आला. उपचारामुळे दोघे दगावले.

[दृश्य: नेक्सकार१९ लिहिलेली पेटी.]

नेक्सकार१९ हे पवईच्या या उपचाराचं नाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारची मान्यता मिळाली, १५ वर्षे आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांसाठी. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत या उपचाराचं लोकार्पण केलं. अमेरिकेत असाच उपचार तीन-चार कोटींचा. इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे काही लाखांत.

[दृश्य: पुन्हा परळ. फाइल उघडते. एक बोट ओळीवरून सरकतंय.]

काही लाख.

[दृश्य: बोट थांबतं. काळोख.]