गळ्याची पिन

श्रोतेहो, नमस्कार.

खो-खोत पळत्या गड्याला सूर मारून बाद करायचं, तर सगळं अंग झोकून द्यावं लागतं. आमच्या शाळेच्या संघात एक मुलगी होती, सूर मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तालुक्याच्या सामन्यात तिने हाताशी आलेला गडी सोडला. बाहेर आल्यावर मी चिडले, “अगं, सूर का नाही मारलास?” तिने काही न बोलता जर्सीचा गळा दाखवला. गळ्याला सेफ्टी पिन लावलेली. जर्सी मुलांच्या मापाची, वाकलं की गळा लोंबायचा. पिन ठेवली तर सूर मारताना छातीत घुसणार, काढली तर मैदानाच्या कडेची पोरं बघणार.

त्या जर्सीची ऑर्डर मीच दिली होती. मुलांच्या बारा, मुलींच्या बारा, सरसकट चोवीस. दुकानदाराने “मुलींचं माप वेगळं हवंय का?” असं विचारलं नाही, आणि मी खेळाची शिक्षिका, बाई माणूस, मलाही ते सुचलं नाही.

मला वाटायचं, हे आपल्या आडगावातल्या शाळांचं दुखणं. मग 2022 मध्ये विनोद राय यांची मुलाखत वाचली. सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाचा कारभार ज्या समितीकडे सोपवला होता, तिचे ते प्रमुख होते. त्यांनी सांगितलं, भारताच्या महिला संघासाठी पुरुषांचे गणवेश कापून पुन्हा शिवले जात होते. म्हणजे आमची चोवीस जर्सींची ऑर्डर आणि देशाच्या संघाचा गणवेश, दोन्हींची कात्री एकच! गंमत बघा, बायकांच्या क्रिकेटसाठी चेंडू हलका केलेला आहे, पुरुषांचा साधारण 156 ते 163 ग्रॅमचा तर बायकांचा 140 ते 151 ग्रॅमचा. सीमारेषाही आत घेतलेली आहे. एवढं मोजमाप झालं, फक्त खेळणारीच्या खांद्याला कुणी टेप लावली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाने बायकांचं आणि पुरुषांचं सामन्याचं मानधन सारखं केलं. कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीय सामन्याला सहा, टी-ट्वेंटीला तीन. चांगलंच झालं. पुढे 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनासाठी आमच्या स्टाफरूममध्येही पेढे वाटले गेले. पण चेक हातात येतो तो मोठेपणी, संघात निवड झाल्यावर. मुलगी खेळ सोडते ती आठवीत. आणि आठवीत तिला अडवतो तो कपडा.

आता थोडं स्पष्ट बोलते. घरात वडीलधारी ऐकत असतील, तरी रेडिओ बंद करू नका. वाढत्या वयात धावताना छाती दुखते, अवघडल्यासारखं होतं. आमच्या मुली यावर उपाय म्हणून दोन-दोन स्लिपा चढवतात, नाहीतर आतून ओढणी करकचून बांधतात. मग श्वास पुरत नाही, आणि आम्ही म्हणतो, हिचा दमच कमी. यावरचा स्पोर्ट्स ब्रा हा उपाय फार जुना नाही. 1977 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल नावाची बाई धावायला लागली आणि याच त्रासाने वैतागली. पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या दोघींच्या मदतीने तिने पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर आणले आणि एकमेकांना जोडून शिवले. हो, तेच, जे कबड्डीपटू आत घालतात! पहिली स्पोर्ट्स ब्रा अशी झाली. पुरुषांसाठी सोय आधीच होती, बायकांना ती फाडून, जोडून घ्यावी लागली.

बुटांची कथा वेगळी नाही. बाईची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते. पुरुषांच्याच फर्म्यावर लहान नंबर काढला, की पंजा आवळतो आणि टाच मागे सुटते. आमच्या मुली टाचेत कापूस कोंबतात. बंगालच्या जलपायगुडीची स्वप्ना बर्मन 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकली. सात प्रकारांचा हा खेळ. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, आणि ती पाच बोटांच्या बुटात पळत, उड्या मारत होती. पदक गळ्यात पडल्यावर तिच्या मापाचे बूट तयार झाले. आधी पदक, मग बूट, हा आपला क्रम.

बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांचा फोटो कौतुकाने एकमेकांना पाठवताना या बाईच्या पायात बूट का नाहीत, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलं? आणि नऊवारीचा कासोटा तरी धावायला पाय मोकळे ठेवतो. आमच्या आज्यांना ते कळत होतं.

काय घालायचं हे ठरवतं कोण, हाही प्रश्न आहेच. 2021 मध्ये नॉर्वेच्या मुली युरोपच्या बीच हँडबॉल स्पर्धेत बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून उतरल्या, म्हणून संघाला दीड हजार युरो दंड झाला. पुरुष मात्र शॉर्ट्समध्येच खेळत होते. ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. आपल्याकडे उलटा त्रास, पायजमा सैल का नाही म्हणून. तिकडे कपडा कमी करायला सांगतात, इकडे वाढवायला. मुलीला विचारत कुणीच नाही.

विम्बल्डनमध्ये सगळं पांढरं घालायचा कडक नियम. 2023 पासून तिथे बायकांना आतून गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी मिळाली. कारण सांगायला हवं का? आमच्याकडे पंधरा ऑगस्टच्या कवायतीला अजून पांढरी सलवार असते. महिन्याच्या त्या दिवसांत मुली सरळ गैरहजर राहतात आणि हजेरीपुस्तकात मीच लाल शेरा मारते.

या वर्षी जर्सी मागवण्याआधी मी गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना शाळेत बोलावलं. टेप घेऊन त्या वर्गात बसल्या, दार लावून घेतलं. खांदा, छाती, कंबर, एकेकीचं माप वहीत उतरत होतं. मुली आधी लाजल्या, मग बोलायला लागल्या. एकीला गळा बंद हवा होता, एकीला बाह्या आखूड. शेवटी रांगेतली सगळ्यात गप्प मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, पँट काळीच सांगा हं.”