रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी: रक्त देण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

बीपीच्या तीन-तीन गोळ्या चालू आहेत, मीठ कमी केलंय, रोजचं फिरणंही होतं, आणि तरी वरचा आकडा १५०च्या खाली उतरत नाही, असं कुणीतरी तुमच्या घरात किंवा शेजारी असेल. कुणाचं वय जेमतेम तिशीचं आणि बीपी सुरू झालेलं. कुणाचं पोटॅशियम सारखं कमी येतं. अशा वेळी डॉक्टर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही तपासणी लिहून देतात. मी लॅबमध्ये हेच काम करते.

मूत्रपिंडाला रक्त किंवा मीठ कमी पडलं की ते रेनिन सोडतं. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. दाब वाढला की रेनिन आपोआप उतरतं, मागोमाग अल्डोस्टेरॉनही. काही जणांची ग्रंथी मात्र रेनिनला जुमानत नाही. रेनिन अगदी तळाला, तरी अल्डोस्टेरॉन सुटतंच. अमेरिकेतले डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजून, अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून त्यांचं गुणोत्तर काढतात.

मोजायचं ते किती थोडं! एक लिटर रक्तद्रवात साखर साधारण एक ग्रॅम असते, आणि अल्डोस्टेरॉन एका ग्रॅमच्या कोटीव्या भागाच्या आसपास. १९५३ मध्ये, म्हणजे आपलं हे आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, सिल्व्हिया सिम्पसन, जेम्स टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. पण रोजच्या तपासणीत इतकं थोडं मोजता येऊ लागलं ते रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी अँटिबॉडी आणि किरणोत्सारी खुणेची पद्धत शोधल्यावर. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. रेनिनची एक रीत मला फार आवडते: रक्तद्रव ३७ अंशांवर ठेवायचा आणि तासाभरात त्यात किती अँजिओटेन्सिन तयार झालं ते बघायचं. रेनिनचं काम मोजलं की रेनिन कळलं.

आणि इथेच एक घोटाळा होतो. सॅम्पल म्हटलं की बर्फात ठेवायचं, अशी सवय असते. पण रक्तात रेनिनचं एक निष्क्रिय रूप भरपूर असतं आणि थंडीत ते सक्रिय व्हायला लागतं. मग रेनिन खोटंच जास्त दिसतं आणि आजार झाकला जातो. म्हणून हे रक्त खोलीच्या तापमानालाच हाताळायचं. बारामतीहून किंवा जुन्नरहून पुण्याला पाठवायचं असेल, तर तिथेच रक्तद्रव वेगळा करून झटकन गोठवायचा आणि गोठलेलाच पाठवायचा.

आता तुमच्या हातातलं. पहाटे अंथरुणावरून उठता उठता घरी रक्त घेणं या तपासणीला चालत नाही. उठून निदान दोन तास हिंडा-फिरा, मग लॅबमध्ये पाच ते पंधरा मिनिटं शांत बसा आणि मग रक्त द्या. पर्वती चढून घामाघूम होऊन थेट येऊ नका, व्यायामाने रेनिन वाढतं. उपाशी राहायची गरज नाही. तपासणीआधी मीठ एकदम तोडू नका, कारण मीठ तोडलं की दोन्ही आकडे वर जातात. रक्त देताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्याने पोटॅशियम फुगतं.

गोळ्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल रेनिन उतरवतात, त्यामुळे नसलेला आजार दिसू शकतो. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवीच्या गोळ्या रेनिन चढवतात. म्हणूनच टेल्मिसार्टन चालू असूनही रेनिन तळाला सापडलं, तर डॉक्टरांना भक्कम धागा मिळतो. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी गोळी, बहुधा चार आठवडे आधी थांबवतात. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कळकळीने सांगते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. ज्येष्ठमधही सांगा! पुण्यात गाणारी मंडळी खूप, घशासाठी ते सर्रास चघळलं जातं. रोज जास्त झालं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, पण रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. चौकशीत ज्येष्ठमध निघालं नाही, तर पुढच्या तपासण्या उगाच होत राहतात.

अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी सुचवली आहे. मला ते पटतं. गुणोत्तर जास्त आलं तर खात्रीच्या चाचण्या होतात, मग सीटी स्कॅन, आणि गरज पडली तर दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घेतात. दोष एकाच बाजूला असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येते आणि बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. दोन्ही बाजूंना असेल तर स्पायरोनोलॅक्टोन आहे, जुनी आणि स्वस्त गोळी.

नमस्कार.