‘लिबरल’ म्हणजे नेमके कोण?

श्रोतेहो, इंटरनेटवरच्या वादात अगदी सहज घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ऑस्ट्रेलियातील एक गृहस्थ लिहितात की आमच्या घरी दोन पिढ्या लिबरल पक्षालाच मत देत आल्या आहेत. अमेरिकेतील वाचक त्यांना तत्काळ डाव्यांत काढतो आणि सरकारी खर्चाचा, करवाढीचा जाब विचारू लागतो. वास्तविक हे गृहस्थ करकपातीचे समर्थक! रॉबर्ट मेन्झिस यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेला तो पक्ष तिथल्या राजकारणात उजवीकडे उभा आहे. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३० च्या दशकात महामंदीवर उपाय म्हणून आखलेल्या आपल्या ‘न्यू डील’ धोरणासाठी हा शब्द वापरल्यापासून त्याला सरकारने दुबळ्यांच्या मदतीला धावून जावे, असा अर्थ चिकटला.

डेन्मार्कमध्ये तर ज्या पक्षाच्या नावाचाच अर्थ ‘डावे’ असा होतो, तो ‘व्हेन्स्ट्र’ पक्ष आज मध्यापासून उजवीकडे झुकलेला आहे. एकोणिसाव्या शतकात तो शेतकऱ्यांच्या बाजूने, बड्या जमीनदारांच्या विरोधात उभा राहिला, तेव्हा ते नाव यथार्थच होते. मुळात डावे-उजवे हा भेदही १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतील बसण्याच्या जागांवरून आला. भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेला ‘समाजवादी’ हा शब्द अमेरिकेतील प्रचारसभेत प्रतिस्पर्ध्याला हिणवण्यासाठी वापरला जातो. शब्द सीमा ओलांडतो, त्याचा इतिहास मागेच राहतो.

तरीही मला अधिक चिंता वाटते ती सुराची. जर्मन भाषेत ‘डॉख’, ‘माल’ असे इवलेसे शब्द आहेत. त्यांना स्वतंत्र अर्थ फारसा नाही, पण ते वाक्यात आले की आज्ञेची विनंती होते. आपल्याकडे ‘सांग’ आणि ‘सांग ना’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच तिथे. जर्मन माणूस इंग्रजीत लिहू लागला की हे शब्द गळतात आणि उरते ते कोरडे ‘हे चूक आहे’. आपण लिहितो तेव्हा आपले ‘ना’ आणि ‘हं’ तर जातातच, शिवाय तू, तुम्ही आणि आपण हे तिन्ही एकाच ‘यू’ मध्ये विरघळून जातात. वडीलधाऱ्याशी वाद घालताना ‘आपण’ या एका शब्दावर आपण केवढा भार टाकलेला असतो, हे तो हातचा गेल्यावरच जाणवते. याउलट ब्रिटिश माणूस ‘आदरपूर्वक सांगतो’ अशी सुरुवात करतो, तेव्हा पुढे बहुधा खंडनच येणार असते, हे त्याच्या देशबांधवाला ठाऊक असते. परदेशी वाचक मात्र त्या आदरावर विसंबतो.

मराठीत मवाळ आणि जहाल ही नावे रूढ झाली, तेव्हा माणसाचे मत आणि त्याचा सूर एकाच शब्दात बांधले गेले. आजच्या वादांतही नेमके हेच होते: ज्याचा सूर बोचला, त्याला कडवेपणाचे लेबल लावले जाते. चुकीचे लेबल निदान एका प्रश्नाने उतरवता येते. ‘तुमच्याकडे लिबरल कोणाला म्हणतात?’ एवढे विचारले की पुरते. सुराबद्दल असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण दुखावलेल्याला दुसरा अर्थ संभवतो हेच सुचत नाही आणि लिहिणाऱ्यालाही आपल्या वाक्यातून काय गळाले ते कळत नाही. त्याच्या कानात ते ‘डॉख’ अजून वाजतच असते.