मुरमुऱ्याचा लाडू आणि कार्बन फायबर

अध्यक्ष महाराज, आणि घरचा कूलर सोडून इथं येऊन बसलेली मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘कार्बन फायबरचे एक्झॉस्ट उष्णतेनं का खराब होतात’. मघाशी चहा पिताना एक जण म्हणाला, “भाऊ, गावात ट्रॅक्टर अन् स्प्लेंडर. हे कायले सांगता?” बरोबर आहे. पण समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंज्याच्या बाजूला माझ्या गॅरेजसमोर कोणती गाडी येऊन उभी राहील, याचा नेम राहिला नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन, रस्त्यावर कुत्रं नाही. एक पिवळी, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी गिट्टीवर पोट घासत आली. मुंबई पासिंग. आतून पोट्टा उतरला तो बिळातून निघावा तसा. मागं एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या पाइपाच्या, टोकाला कार्बनची दोन काळी नळकांडी, बाहेरून घेऊन बसवलेली. जोडीचे ४५,००० म्हणाला. माझी पहिली एम-८० याच्या अर्ध्यात आली होती, ते जाऊ द्या. एका नळकांड्याची चकाकी पिवळी पडलेली, पापडासारखे फोड आलेले आणि कड उकललेली. नागपूरहून निघाल्यापासून गाडी पळवली आणि पंपावर इंजिन चालू ठेवून मोबाइल पाहत बसला.

मला वाटलं, सोपं आहे. चिकटवायचं दोन ट्यूबवालं एपॉक्सी कालवलं, भरलं, क्लॅम्प लावला. आपल्या उन्हात अर्ध्या तासात दगड! वर ठोकून दाखवलं. माझ्या पोरानं फोटो काढून गॅरेजच्या ग्रुपवर टाकला, खाली अंगठ्यांची रांग. दोनशे रुपये घेतले.

दीड तासानं पिवळी गाडी परत. पोट्ट्याच्या हातात पेपरात गुंडाळलेलं नळकांडं, आणि माझं एपॉक्सी चिंगमसारखं लोंबतंय. “काका, हे काय?” मी गप्प. बाजेवर बसलेली माझी आई ८० वर्षांची, गाडी या विषयाशी तिचा संबंध एसटीपुरता. ती तिकडूनच म्हणाली, “पाक कच्चा राह्यला तुहा.”

राजेहो, अख्खं शास्त्र या वाक्यात आहे. कार्बन फायबर म्हणजे मुरमुऱ्याचा लाडू. मुरमुरे म्हणजे कार्बनचे धागे, एकेक धागा केसाहून कितीतरी बारीक. त्यांना धरून ठेवणारा गूळ म्हणजे रेझिन, बहुतेक वेळा एपॉक्सी. लाडू उन्हात ठेवला तर मुरमुऱ्यांना काही होत नाही, गूळ मऊ पडतो आणि लाडू बसतो. जळायच्या कितीतरी आधी. साध्या हवेत घट्ट झालेलं एपॉक्सी ६०-७० अंशांतच ढिलं पडायला लागतं. भट्टीत नीट शिजवलेलं १२० ते १८० पर्यंत तग धरतं. पाक पक्का हवा, तो असा.

सोन्याचं सांगतो म्हणजे मागच्या रांगेतल्या ताईंचं लक्ष येईल. १९९२ मध्ये मॅक्लॅरेन एफ-वन नावाची गाडी आली, सगळं अंग कार्बनचं. तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा, वर्खासारखा पातळ. मिरवायला नाही. किरणांनी येणारी उष्णता सोनं परत फेकतं. आपल्याकडे ते लॉकरमध्ये...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं’. मघाच्या सत्काराला वीस गेली, त्याची चिठ्ठी कुणी पाठवली नाही. असो.

तर भराभर. पेट्रोल इंजिनातून धूर निघतो तेव्हा ८००-९०० अंशांच्या घरात असतो, टोकाला येईपर्यंत बराच निवतो. पण हौशी माणूस सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकतो, मग तो निवायला जागाच राहत नाही. दुसरं, गाडी पळते तोवर वारा उष्णता नेतो. जोरात पळवून एकदम उभी केली की पाइपातली सगळी धग त्या नळकांड्यात शिरते. पंपावर तेच झालं. तिसरं, स्टेनलेस स्टीलचा मीटरभर पाइप ५०० अंशांनी तापला तर आठ-नऊ मिलिमीटर वाढतो, कार्बन लांबीत जवळजवळ वाढतच नाही. एक ओढतो, दुसरा हलत नाही, मधला डिंक फाटतो. म्हणून चांगल्या वस्तूत आत स्टीलची नळी, मध्ये हवेची फट आणि कार्बन फक्त वरून असतो. घेताना आत बोट घालून बघा. आत कार्बनच लागला तर ठेवून द्या. पिवळेपणा, फोड दिसले तर वरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा थर, गेलंय, ते घासून पुन्हा मारता येतं. कड उकलली, ठोकल्यावर भद्द वाजलं, तर आतले थर सुटलेत. त्याला इलाज नाही. आणि फार तापून रेझिन जळालं की नुसते धागे उघडे पडतात. ४००-५०० अंशांच्या वर हवेत धागाही झिजायला लागतो, पण तोवर लाडू राहिलेला नसतो.

पोट्ट्याचे दोनशे मी परत केले. नळकांडं मात्र ठेवून घेतलं. हे बघा. रांगेतून फिरवा, कडेला हात लावू नका, धागे बोटात शिरतात. आणि परत माझ्याकडे आलं पाहिजे. मागच्या वर्षी स्पार्क प्लग फिरवला होता, तो अजून यायचाय.